दोन बोटं उंच टेबल

सुताराने जेवणाचं टेबल उलटं पाडलं आणि पहिल्या पायावर करवत धरली, तेव्हा बायको हातातला झारा घेऊन तशीच बाहेर आली.

“अहो! डोकं ठिकाणावर आहे ना? बाबांनी आईंसाठी केलेलं टेबल आहे ते.”

“उंच आहे.”

“इतकी वर्षं उंचच होतं. आज काय झालं?”

आलं मनात, घेतली करवत. स्वारीचं सगळंच असं. आजही सकाळपासून पायाला भिंगरी लागल्यासारखा तो घरभर फिरत होता. आई गेल्यापासून बाबा टेबलाशी जेवायला येत नव्हते. ताट त्यांच्या खोलीत जायचं आणि निम्मंअधिक तसंच परत यायचं. असंच चाललं तर हा माणूसही हातचा जाणार, ही भीती त्याला स्वस्थ बसू देत नव्हती. भीतीचं काय करावं ते कळेना, आणि टेबल समोर होतं.

खुर्च्या त्याने आधीच भिंतीशी ढकलल्या होत्या. आईच्या खुर्चीवर तिची जाड उशी अजून तशीच होती. कमरेच्या दुखण्याला ती लागते, असं घरात सगळे समजत.

बाबाही सुतारच, पण लाकडाला हात लावण्याआधी चार दिवस विचार करणारे. लेकाला ते म्हणायचे, “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!” हल्ली तेही म्हणत नव्हते.

चारही पाय सारखे कापून त्याने टेबल जागेवर उभं केलं. ते डुगडुगलं. त्याने पुन्हा करवत उचलली.

“कापत बसा आता,” बायको म्हणाली. “संध्याकाळपर्यंत पाट होईल त्याचा.”

“थांब.”

बाबा दारात उभे होते. सुताराने करवत पाठीमागे लपवली, लहान पोरासारखी.

बाबांनी टेबल हलवून पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत खाली बसले आणि भुशात चाचपडू लागले. टेबलाखालची जुनी, लाकडाची चपटी ढलपी सापडली, ती त्यांनी खिडकीकडच्या पायाखाली परत सरकवली. टेबल स्थिर झालं.

“तिथली फरशी खचलीय, गाढवा. पाय कापायला निघालास, आणि पायाखाली काय होतं ते बघितलं नाहीस?”

“चुकलंच, बाबा. आईचं टेबल होतं...”

बाबांनी ढलपी अंगठ्याने आणखी थोडी आत दाबली.

“तिलाही उंचच होत होतं,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी म्हणाली होती, दोन बोटं कमी करा. मी म्हटलं, बघू.”

लेकाच्या हाताचा आधार घेऊन ते उठले. त्यांनी आईची खुर्ची टेबलाशी ओढली, उशी उचलून बाजूला ठेवली आणि बसले. कोपरं टेबलावर नीट टेकली.

“वाढ गं,” ते सुनेला म्हणाले.

सुतार भुसा गोळा करायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.