वेलींची नावे सांगणारे पुस्तक

मित्रांनो, मी लॅटिन व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे. मद्रासच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. वनखात्यात नव्याने लागलेल्या त्र्यंबकरावांनी मला टपालाने मागवले. झाडांची शास्त्रीय नावे त्यांना नुसती पाठ करायची नव्हती, समजून घ्यायची होती. पण वर्तमानकाळी धातुसाधितांच्या धड्याशी ते अडले. पुढे बदल्या, दौरे, संसार. बालाघाटच्या घरात मी खिडकीची झडप अडवण्याच्या कामी आले. पावसाने माझा पुठ्ठा फुगला.

१९८४ साल असेल. त्र्यंबकराव निवृत्त झाले होते. शेजारच्या खोलीत तिरोडीकडच्या खेड्यातली सत्यभामा राहायची. ती बी.एस्सी. करत होती. वनस्पतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली आणि तिचे वडील प्रेमलाल तिला न्यायला आले.

"झाडाचे नावंच ध्यानात राह्यत नाही, त शिकतं काहून? चाल घरी."

"प्रेमलालजी, महिन्याभराने पूरक परीक्षा आहे. तेवढी होऊ द्या," त्र्यंबकराव म्हणाले. प्रेमलाल महिन्याभरासाठी कबूल झाले आणि त्र्यंबकरावांनी मला खिडकीतून उचलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच धडा काढला. "स्कँडेन्स. वेलींच्या नावात येतो हा शब्द. क्रिया चालू आहे आणि तीच विशेषण झाली आहे. चढत असलेली..." ते अडखळले.

सत्यभामा विचारात पडली. कॉलेजात तिच्या बोलीला मुली हसत, म्हणून ती हळूच म्हणाली, "म्हणजे, चढून राह्यली थे वेल?"

त्र्यंबकराव माझ्या पानाकडे बघतच राहिले. तीस वर्षे न उलगडलेली गोष्ट या मुलीने एका वाक्यात सांगितली होती.

"अगदी तेच! मग रेपेन्स?"

"सरपटून राह्यली थे."

"प्रोकम्बेन्स?"

"भुईवर पडून राह्यली!" आता ती मोठ्याने बोलत होती.

परीक्षेत तिच्यापुढे एकदांडीचे रोप ठेवले गेले. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. तिने नाव सांगितले, अर्थही सांगितला, आणि ती पास झाली. त्र्यंबकरावांनी मला तिलाच देऊन टाकले.

सुट्टीत ती मला गावी घेऊन गेली, तेव्हापासून मी प्रेमलालांच्या घरी असते. त्याच पावसाळ्यात ते बांधावरून एक तण मुळासकट उपटून घेऊन आले आणि चिखलाच्या हातांनी मला उघडून सत्यभामेपुढे धरत म्हणाले, "बाई, याचं नाव काय हाय, पाह्य बरं."

मित्रांनो, पानावर त्यांचा अंगठा अजून उमटलेला आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. पुस्तकाला ओल लागू देऊ नका, वाळवी लागू देऊ नका. पण हात मात्र लागू द्या.