केसरीनाथशेठची मखमली गाडी

माणसाची खरी शोभा त्याच्या चारित्र्यात असते, बाहेरच्या रंगात नसते. हे केसरीनाथनं वळ गावच्या शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून सांगितलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. पण तेव्हा त्याची मुलगी लहान होती आणि त्याला व्याही नव्हता.

व्याही यंदा मिळाला. पडघ्याचे पंढरीशेठ, कापडाचे दलाल. लूमवरून उतरलेलं कोरं कापड बोटांत चोळून त्याची जात सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते मृणालीला बघायला आले, चहा प्यायले, मुलगी पसंत केली आणि निघताना अंगणातल्या गाडीकडे बघून म्हणाले, "ही काय, वडलांची आठवण म्हणून ठेवली हाय?"

एवढंच बोलले. पण त्या दिवसापासून केसरीनाथच्या तोंडची चव गेली. गाडी मुळात काळी, पण उन्हात उभी राहून राहून तिचं बोनट जुन्या तव्यासारखं झालं होतं. पंढरीशेठकडे कोणती गाडी असेल, याचा विचार करत तो रात्री कुशी बदलू लागला. लांब असेल. मागच्या काचेला पडदा असेल.

नवी गाडी घेणं त्याला जड नव्हतं. बापाच्या भातखाचरांवर आता गोदामं होती आणि गोदामांना भाडं होतं. पण ही गाडी दारात आली आणि लगेच जमिनीचा भाव चढला, हे त्यानं स्वतःच इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता ती काढणं म्हणजे लक्ष्मीला रिक्षात बसवून देण्यासारखं झालं असतं. शिवाय "आजकालच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे" हे गावभर फिरलेलं वाक्यही त्याचंच. तेव्हा उरला रंग.

भिवंडीत केसरीनाथच्याच एका गाळ्यात मनोज पेंटरचं दुकान होतं. मनोजचा हात बरा होता आणि तोंड त्याहून बरं.

"शेठ, आरसा करून देतो. समोर उभं राहून भांग पाडा," तो म्हणाला. "सगळ्यात वर जे लॅकर मारतो ना, त्याच्याखाली जे गेलं ते कायमचं गेलं. गाडी भंगारात जाईल, रंग जाणार न्हाय."

केसरीनाथला त्यातलं 'कायमचं' फार आवडलं.

"फक्त मारणार शुक्रवारी. बाजूच्या लूमला सुट्टी असते. एरवी कापसाची रुई उडते, ती ओल्यावर बसली की गाडीला अंगभर लव येईल."

पण शुक्रवारी अमावास्या होती. साखरपुड्याचा मुहूर्त काढायला गेलेल्या केसरीनाथनं गुरुजींकडून गाडीचाही काढून आणला होता. रंगाला सोमवार सकाळ, साखरपुडा गुरुवारी, वज्रेश्वरीला.

"रंग गाडीला द्यायचाय का साखरपुडाच तिचा हाय?" पार्वतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं.

"तुला काय कळतं? शुभ काम शुभ वेळेलाच होतं."

"आनी लूम?"

"लूमचे गाळे कोणाचे? माझे. बंद करतो."

आणि त्यानं बंद केले. बायकोला न जुमानणारा माणूस भाडेकरूला काय जुमानणार!

सोमवारी मुहूर्ताला लूम थांबले. प्लॅस्टिकच्या पडद्याआड मनोजनं आधी रंग आणि मग लॅकर मारलं. खोटं कशाला बोला, काम झकास झालं. केसरीनाथनं गाडीच्या दारात स्वतःचा चेहरा पाहिला आणि बऱ्याच वर्षांनी तो त्याला आवडला.

एवढ्यात बाहेर माणसं जमली. भिवंडीत लूमचा खडखडाट अवेळी थांबला की काहीतरी मोठं घडलंय असं समजायची पद्धत आहे. वीज असून लूम बंद, म्हणजे एकतर कोणी गेलं, नाहीतर कोणी येणार. पलीकडच्या गल्लीतल्या लूमवरचे कारागीर हातातलं काम टाकून गाळ्यासमोर आले.

"सेठ, पूजा है क्या?"

केसरीनाथ खुलला. आपल्या गाडीला अशी गर्दी त्यानं कधी पाहिली नव्हती. "आओ, आओ! नारियल फोड़ेंगे। परसाद लेके जाना।"

"शेठ, पडदा!" मनोज आतून ओरडला. "अजून ओलं हाय!"

"शुभ कामाला पडदा कशाला?" म्हणत केसरीनाथनं स्वतःच्या हातानं पडदा वर केला.

कारागीर रीतीभातीचे होते. सकाळपासून लूमवर उभे, केसांत, दाढीत, खांद्यावर कापूस. अशा अवतारात कोणी पूजेला जातं का? म्हणून प्रत्येकानं दारातच खांद्यावरचा गमछा काढला आणि फाटकन झटकला. एकानं तर दुसऱ्याची पाठही झटकून दिली. आणि पाहुणे घामाघूम झालेले बघून केसरीनाथनं कोपऱ्यातला मोठा पंखा लावला.

रुई उठली, पंख्यापुढे जरा रेंगाळली आणि ओलं जिथे दिसलं तिथे बसली. मनोज तेवढा वेळ कपाळ धरून उभा होता. खोबरं सर्वांना पुरलं.

मंगळवारी केसरीनाथनं बोनटवरून हात फिरवला, तर ते मांजरासारखं लागलं.

"काढ हे."

"शेठ, मी बोललो होतो ना, लॅकरमध्ये जे गेलं ते..."

"माहीत हाय!"

"शुक्रवारी सगळं घासून परत मारतो."

"साखरपुडा गुरुवारी हाय, मनोज."

मनोजनं विचार केला. विचार करताना तो नेहमी गिऱ्हाइकापासून दोन पावलं मागे सरकत असे. "मग व्हेल्वेट फिनिश बोला. दुबईला लय चालतं."

पार्वतीनं घरी आलेली गाडी निरखून पाहिली. "बरं झालं," ती म्हणाली. "थंडीत स्वेटर नको."

गुरुवारी वज्रेश्वरीच्या हॉलसमोर, अगदी दारात, केसरीनाथनं गाडी लावली. हार घातला. पंढरीशेठ घाम पुसत आले आणि गाडीपाशी थांबले.

"व्हेल्वेट फिनिश," त्यांनी काही विचारायच्या आत केसरीनाथ म्हणाला. "दुबईचं."

पंढरीशेठनी चष्मा लावला. वाकून बोनटवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. एक तंतू नखानं उचकटायचा प्रयत्न केला, तो हलला नाही.

"पक्कं हाय," ते म्हणाले. "पण प्युअर कॉटन न्हाय. पॉलिस्टर मिक्स. आमच्याकडं असा माल परत पाठवतात."

पार्वती पदर तोंडाला लावून आत पळाली. केसरीनाथ साखरपुडाभर हसतमुख बसला. फोटोग्राफरनं त्याला तसं बसायला सांगितलं होतं. मृणालीच्या बोटात अंगठी गेली, जेवणं उरकली, आणि मग पंढरीशेठ त्याला हळूच बाजूला घेऊन गेले. माल परत पाठवण्याचीच भाषा केसरीनाथच्या कानात घुमत होती.

"शेठ, राग न्हाय ना येणार?"

"बोला."

"आमच्या मंडळींना पडघ्यापर्यंत सोडाल का? सकाळी एसटीत उभ्यानं आलो. पाय दुखतात."

"का? तुमची गाडी कुठं हाय?"

"गाडी?" पंढरीशेठ म्हणाले. "आमच्याकडं गाडी न्हाय."