ताशी तीस

नलिनीबाई मूळच्या गुहागरच्या, सिल्वासातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. गणितं पुस्तकातली नाहीत, रस्त्यावरची घालायची, हा त्यांचा खाक्या. सोमवारी त्यांनी स्वतःच्याच गाडीचं गणित घातलं.

शनिवारी सामरवरणीच्या रस्त्यावर त्यांचे यजमान अभिजीत यांच्या गाडीने कोंडाबाईचा पाय मोडला. कोंडाबाई धुळ्याकडची, धाग्याच्या कंपनीत कामाला. तिची मुलगी सोनी बाईंच्याच वर्गात. "मी तीसनेच होतो, तीच आडवी आली," असं अभिजीत म्हणाले. बाई शेजारीच होत्या, पण त्यांचा डोळा लागला होता. तरी नवऱ्याच्या शब्दावर विश्वास पक्का. सोमवारीच शाळा सुटल्यावर दोघांना पोलिसांत जबाब द्यायचा होता. गाडी भरधाव होती, ही वर्गातली कुजबूज मात्र बाईंच्या जिवाला लागली होती. आकड्यांनीच तोंडं बंद करू, असं त्यांनी ठरवलं.

मुलांनी मधल्या सुट्टीत अपघाताच्या जागेवरची टायरची काळी खूण टेपने मोजून आणली, पंचवीस मीटर. बाईंनी फळ्यावर लिहिलं: ब्रेक लागल्यावर वेग एकसारखा घटतो, दर सेकंदाला आठ मीटर प्रतिसेकंदाने, तर आधीचा वेग काढा. वर खुशाल सांगूनही टाकलं, "उत्तर ताशी तीसच्या आसपास यायला हवं."

"तीस आलं, मॅडम!" सगळा वर्ग ओरडला. बाईंना हायसं वाटलं. सोनीनेच आपल्या हाताने सोडवावं, म्हणून त्यांनी तिलाच फळ्याशी बोलावलं.

सोनीने सूत्र मांडलं. वेगाचा वर्ग चारशे. ती थबकली, चारशे पुसलं आणि तिथे सत्तर लिहिलं. मग तीस आलं.

"चारशे का पुसलंस?"

"त्याने सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी बहात्तर येतं, मॅडम. तुम्ही तीस सांगेल होतं ना, मग माझंच चुकलं असंल."

बाकीच्यांनीही तेच केलं होतं. उत्तर जुळेना तर चूक आपली, हे बाईंनीच त्यांच्या डोक्यात भरवलेलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चारशेच बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तीसने असती तर गाडी चार-पाच मीटरांत उभी राहिली असती."

शाळा सुटली तेव्हा अभिजीत फाटकाशी गाडी घेऊन उभे होते. बाई सोनीला घेऊन मागे बसल्या.

"हिला कशाला?"

"हिच्या आईला भेटायला जायचंय. पण आधी जबाब. मी बहात्तर सांगणार आहे."

अभिजीत यांनी गाडी सुरू केली.

"आणि तिथपर्यंत तीसने चालवा," बाई म्हणाल्या. "तीस म्हणजे केवढं, ते मला उघड्या डोळ्यांनी बघायचंय."