कुसळाची साक्ष

सन छत्तीसची दिवाळी तोंडावर आली होती, पण खानापूरजवळच्या त्या गावात गर्दी लोटली होती ती चावडीपुढं, काटेबुवाचा काटा बघायला. मेणाच्या गोळीत उभी रोवलेली तपकिरी काडी, वरचं टोक आडवं वाकलेलं. बुवा तीर्थाचा थेंब सोडी आणि हात न लावता काडी वळू लागे. भस्माची चिमूट पडली की थांबे. टोक जिच्याकडं, करणी तिची!

"बोल काट्या, गावात आणखी कोण चेटकीण हाय?" बुवानं विचारलं.

दसऱ्याआधी हाच काटा गावातल्याच बायाक्काकडं थांबला होता. राजाबाईचं तान्हं तापानं गेलं, त्याचं खापर तिच्यावर फुटलं. गावानं तिला माळावरच्या खोपटात घातलं. तिथं तिलाही ताप भरला. पाण्याचा तांब्या घेऊन कुणी फिरकलं नाही. तिचा भाचा परशराम पुण्याच्या शेतकी कॉलेजातून आला, तो मावशीच्या तेराव्याला.

माळावरून येताना त्याच्या धोतरात कुसळं रुतली होती. सवयीनं त्यानं एक निरखलं. खाली सुईसारखं टोक, त्यावर तांबूस लव, मधे दोरीसारखा पीळ, वर गुडघ्यात वाकलेली काडी. गवताचा ठोंब ओढला तर मुळांसकट अलगद हाती आला. वर्षात उगवून वर्षात मरणारं रानगवत. चावडीपुढं येऊन बघतो, तर बुवाचा काटाही तोच होता.

परशराम पुढं झाला. कुसळाचं टोक चिमटीत धरून त्यानं पिळाला थुंकी लावली. काडी वळली.

"थुंकीत कुठला देव आला, बुवा?"

"बाटवलंस रं! नरकात जाशील!"

"पीळ भिजला की उलगडतो, म्हणून टोक फिरतं. भस्मानं पाणी शोषलं की थांबतं. कुणाकडं थांबवायचं, ते तुमच्या चिमटीत."

बुवा पिशवी आवरू लागला. "आज तिथी बरी न्हाय."

"मग वाट कंची धरू, काट्याला इच्यारा की!" गर्दीतून मष्णू ओरडला. लोक हसले.

राजाबाई हसली नाही. "आक्का ह्येच सांगत हुती रं. लुगड्यातलं कुसळ काढून म्हणाली, 'राजे, थुकी लाव, ह्येबी फिरतंय.' आम्ही म्हटलं, चेटकीण असंच बोलणार."

परशरामाच्या चिमटीत कुसळ वाळत होतं, वाळता वाळता मागं फिरत होतं.

"मी कॉलेजात शिकलो म्हणून माझं ऐकलंत," तो म्हणाला. "तिनं तर तुमच्या हातात दिलं होतं. बाबांनो, सांगणारा कोण ते बघू नका. कुसळ भिजवून बघा."