बाकाजवळचा दिवा

कालव्याच्या वाटेवर, गिरणीच्या कुंपणापासून पुलापर्यंत, एकोणीस खांब होते. त्यांतल्या अकरांवर दिवे होते आणि अकरांपैकी चारच पेटत होते. त्या चारांतही एकाला उघडझाप करायची खोड होती. मोजपट्टी म्हणतात त्या मुलीने तो अर्धा धरला. तेराव्या खांबाला हात लावून तिने आकडा मोठ्यानं म्हटला, उजेड मोजायचं यंत्र कमरेच्या उंचीवर आडवं धरलं आणि पडद्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखला.

"शून्य पूर्णांक चार."

"म्हणजे किती गं?" सिस्टरनी विचारलं. सिस्टर सरकारी दवाखान्यातून थेट आल्या होत्या. पांढऱ्या बुटांमुळे त्या अंधारात त्यांची फक्त पावलं दिसत होती.

"अमावस्येपेक्षा जरा बरं."

"मग तसंच लिही. नगरपालिकेच्या साहेबांना अमावस्या कळेल. पूर्णांक कळतील की नाही, शंका आहे."

पानगळ सुरू झाली होती. वाटेवर वाळक्या पानांचा थर साचला होता आणि प्रत्येक पाऊल पापड मोडल्यासारखं वाजत होतं. त्या आवाजानंच की काय, पुढे बाकावर चाललेलं बोलणं तुटलं. दोघं बसली होती. एक आकृती रुंद, एक लहानखुरी. मोजपट्टी थांबली. तपासणीचा नियमच होता: चार मीटरवरून समोरच्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे. एरवी चेहरा म्हणून सिस्टर उभ्या राहायच्या. इथे आयतेच दोन मिळाले होते.

"येतंय ओळखू?" सिस्टर कुजबुजल्या.

"नाही. बाई की पुरुष, तेही नाही."

"चल मग पुढे. उगाच कशाला कुणाकडे टक लावायची."

मोजपट्टीने कागदावर 'चेहरा' या रकान्यात फुली मारली आणि चौदाव्या खांबाचा आकडा मोठ्यानं म्हणत ती पुढे गेली.

मोजपट्टी हे नाव तिला आत्याने दिलं होतं. लहानपणी ती सरळ आणि सपाट होती म्हणून, आणि पुढे भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर सगळ्या गोष्टी मोजायला लागली म्हणून ते चिकटलं ते चिकटलंच. महिला समता आणि शिक्षण मंडळात तिला आणलं तेही आत्यानेच. आत्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती, तिशीत नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहत होती, आणि मंडळाच्या कामाला ती पहिल्या वर्षापासून होती. दर शरदात मंडळाचे कार्यक्रम ठरलेले असत: शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग, पुस्तकांची अदलाबदल, वकीलबाईंचं एक व्याख्यान. या वर्षी त्यात दिव्यांची मोजणी आली, कारण वर्गच ओस पडायला लागला होता. गिरणीत सूत भरणारी एक मुलगी पाळी संपवून कालव्याच्या वाटेनं वर्गाला यायची. एका संध्याकाळी कुणीतरी तिच्या मागून चालत आलं. तिने पाऊल उचललं की त्यानेही उचललं. पुलाजवळ त्याने तिची ओढणी धरली. मुलगी पळाली, वाचली, आणि तिने वर्ग सोडला. तिच्या मागोमाग आणखी पाचजणींनी सोडला.

वाचनालयाच्या माडीवर सभा भरली तेव्हा मोजपट्टीने फळ्यावर वाटेचा नकाशा काढला होता. नगरपालिकेच्या विजेच्या साहेबांनी एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती: नवे दिवे आठ मिळतील, नववा मागू नका. आठ कुठे लावायचे ते मंडळाने ठरवायचं. मोजपट्टीने आठ खांबांवर गोल केले होते. आठवा गोल बाकाजवळच्या खांबावर होता.

"तो कशाला?" मागच्या रांगेतून आत्याचा आवाज आला. "तो पुलाच्या पायऱ्यांवर लावा. तिथे पाय घसरतो बायकांचा."

"पायऱ्यांवर तीन पूर्णांक दोन आहे, आत्या. बाकाजवळ शून्य पूर्णांक चार. अख्ख्या वाटेवरची सगळ्यात काळोखी जागा ती आहे."

"काळोखी असेल, पण तिथे आजवर काही झालेलं नाही."

"तुला काय माहीत?"

दोनचारजणी हसल्या. आत्याने पदर सारखा केला.

"आम्ही गेलो तेव्हा तिथे दोन माणसं बसली होती," मोजपट्टी फळ्याकडे वळून म्हणाली. तिला या मुद्द्याची खात्री होती. "चार मीटरवरून मला त्यांचे चेहरे ओळखता आले नाहीत. आम्हाला बघून ती बोलायची थांबली. चांगल्या कामाला बसलेली माणसं अशी गप्प होतात का?"

"खरंय बाई," कुणीतरी म्हणालं. "अंगावर काटा आला ऐकूनच."

मुख्याध्यापिकाबाई निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण अजून टेबलावर पेन्सिल आपटूनच बोलायच्या. मंडळाची रीत त्यांनीच घातली होती: ठराव होईल तर सगळ्यांच्या हातांनी. एक हात जरी खाली राहिला तरी विषय पुढच्या हंगामावर. बहुमतानं आपल्याला बाहेर पुष्कळ हरवलंय, असं त्या म्हणायच्या, इथे तरी नको.

"पोस्टातल्या ताई," त्या आत्याला म्हणाल्या, "ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काही हरकत असेल तर मोकळेपणी सांगा. तुमच्या एका हाताला इथे सगळ्यांइतकंच वजन आहे."

पुढच्या बाकड्यावर गिरणीतली ती मुलगी बसली होती. सभेपुरती सिस्टर तिला सोबत घेऊन आल्या होत्या. ती मान वळवून आत्याकडे बघत होती, सगळेच बघत होते म्हणून.

"हरकत कसली," आत्या म्हणाली.

हात वर झाले. मोजपट्टीने मोजले. आत्याचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण कोपरातून अगदी ताठ.

दिवे लागले, तेही महिन्याभरात. नगरपालिकेच्या इतिहासात असं झालं नव्हतं, असं वकीलबाई म्हणाल्या. पांढरा, स्वच्छ उजेड. वर्गात मुली परतू लागल्या. मोजपट्टी दोन दिवस हवेत होती.

घरात मात्र एक छोटा बदल झाला आणि तो सगळ्यांनाच आवडला. दर गुरुवारी आत्याला पोस्टात उशीर व्हायचा, पार्सलांचा हिशेब असायचा. आता ती गुरुवारीही वेळेवर घरी यायला लागली.

"वन्सं, तुमच्या पार्सलांचा हिशेब कायमचा लागला वाटतं!" आई म्हणाली.

"लागला एकदाचा," आत्या म्हणाली.

"बरं झालं," वडील वर्तमानपत्रातून म्हणाले. "घर कसं भरल्यासारखं वाटतं."

आत्याने कपाटं आवरायला काढली. मग गाद्यांच्या खोळी. मग सगळ्यांच्या शर्टांच्या, ब्लाउजांच्या गुंड्या तपासून सैल होत्या त्या पक्क्या केल्या. एका गुरुवारी तिने स्वयंपाकघरातले डबे उतरवून पुसले आणि पुसून होते तिथेच ठेवले; पुढच्या गुरुवारी पुन्हा उतरवले.

वर्गाची जुनी पुस्तकं बांधायला दिली होती. ती आणायला मोजपट्टी बाइंडरकाकांच्या दुकानात गेली. रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा माणूस. मागे एकदा त्यांच्याच बाजूनं आत्यासाठी कुणीतरी विचारणा केली होती. ते विधुर होते, मुलगा-सुनेजवळ राहायचे. वडील ऐकून म्हणाले होते, "या वयात? माझी बहीण मला काय जड झालीय?" आणि विषय चेष्टेवर गेला होता. आत्या नव्या संसाराला पार्सलं बांधून घेऊन जाईल, असं मोजपट्टीच म्हणाली होती. आत्याही हसली होती.

बाइंडरकाकांनी पुस्तकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधली, गाठ मारली, आणि गाठीवरचं बोट काढलं नाही.

"दिवे छान लावलेत तुम्ही लोकांनी."

"तुम्ही जाता त्या वाटेनं?"

"जायचो." त्यांनी गाठ उगाच आणखी आवळली. "तो बाकाजवळचा आहे ना, तो विझतो कधी?"

"विझत नाही, काका. पहाटेपर्यंत असतो."

"पहाटेपर्यंत," ते म्हणाले. "हां. तसाच पाहिजे." मग गठ्ठा तिच्याकडे सरकवून, मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "आत्याबाई बऱ्या आहेत ना? गुडघा दुखायचा त्यांचा. पानगळीत जास्त दुखतो."

घरात कुणालाही आत्याचा गुडघा दुखतो हे माहीत नव्हतं.

मोजपट्टी घरी आली तेव्हा आत्या गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती. मोजपट्टीने पुस्तकं जिन्यात ठेवली आणि चादरीची दुसरी बाजू धरली. दोघींनी टोकं ताणली, झटकली, जुळवली. घडी घालायला आत्या चालत तिच्याजवळ आली आणि तिच्या हातातली टोकं घेऊन मागे सरली.

"बाइंडरकाका विचारत होते," मोजपट्टी म्हणाली. "गुडघ्याचं."

आत्याने दुसरी चादर तारेवरून ओढली. तिचं एक टोक मोजपट्टीकडे फेकलं.

"धर नीट. जमिनीला लागतेय."

"ती तुम्ही दोघं होतात. बाकावर."

"तू मोठमोठ्यानं आकडे म्हणत आलीस," आत्या म्हणाली. "बारावा ऐकला, तेरावा ऐकला. म्हटलं उठून जावं, तर पानं वाजतील. तसेच बसलो आपले, चोरासारखे." ती हसली. "आणि तू समोर उभी राहून म्हणतेस, बाई की पुरुष तेही कळत नाही! ते म्हणाले, तुझी भाची हुशार आहे, पण डोळे तपासून घे तिचे."

मोजपट्टीला हसू आलं नाही. चादरीचं टोक तिच्या हातात तसंच राहिलं.

"मला सांगायचंस, आत्या."

"काय सांगायचं? सभेत उभं राहून? की बायांनो, मला थोडा अंधार हवाय, ठरावात तेवढं घाला?"

"निदान हात तरी खाली ठेवायचा. विषय पुढे गेला असता. तुला नियम माहीत होता."

आत्याने उरलेली घडी स्वतःच्या हनुवटीखाली दाबली आणि दोन्ही हातांनी खालची बाजू जुळवली. बोलायला तिला हनुवटी उचलावी लागली आणि घडी सुटली.

"ती पोर माझ्याकडे बघत होती गं," ती म्हणाली. "तिची ओढणी ओढली होती कुणीतरी. तिच्यासमोर कुठला हात खाली ठेवू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मोजपट्टीने सुटलेली चादर उचलली, झटकली, आणि पुन्हा दोन टोकं आत्याच्या हातात दिली.

"मी साहेबांना भेटते. तो एक दिवा पायऱ्यांवर हलवता येईल. पायऱ्या खरंच निसरड्या आहेत, मी पुन्हा मोजून—"

"खबरदार. दिवा लागलाय तो लागलाय. त्याच्याखालून पोरी जातात आता."

"मग दुसरीकडे कुठेतरी. गाव एवढं मोठं आहे."

"अगं बये, त्यांच्या घरात माणसं, माझ्या घरात माणसं. बागेत पोस्टाचं अर्धं गिऱ्हाईक फिरायला येतं. तो बाक सापडायलाच आम्हाला दोन वर्षं लागली होती." आत्याने घडी घातलेल्या चादरींवर हात फिरवून सुरकुती मोडली. "या वयात आता नवा अंधार कुठे शोधत बसू?"

"मी बोलते. बाबांशी."

"काय बोलशील?"

मोजपट्टीने तोंड उघडलं. वडिलांचं वर्तमानपत्र, आईचा हसरा चेहरा, आणि ते पार्सलांचं वाक्य, तिचं स्वतःचं, हे सगळं एकदमच तिच्यापुढे आलं. तिने चादरींचा ढीग उचलला.

"जड आहे, अर्ध्या मला दे," आत्या म्हणाली.

"राहू दे. जिना आहे. तुझा गुडघा."

कठड्याला धरून, एक एक पायरी, आत्या पुढे उतरू लागली.

हंगाम संपताना मंडळाला कामाचा अहवाल हवा होता. दिवे लागण्यापूर्वी, गिरणीची पाळी सुटल्यानंतरच्या तासाभरात, कालव्याच्या वाटेनं पायी जाणाऱ्या बायका सिस्टरनी मोजल्या होत्या: नऊ. आता तीच मोजणी पुन्हा करायची होती. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं की वार तोच हवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. वार गुरुवार होता.

मोजपट्टी बाकावर बसली, कारण तिथून वाट दोन्ही बाजूंना दिसत होती. लाकूड गार होतं. झाडं जवळजवळ रिकामी झाली होती आणि दिव्याच्या उजेडात बाकावरच्या रंगाचे पोपडेसुद्धा दिसत होते. पहिल्यांदा एकट्या-दुकट्या बायका आल्या. मग गिरणीतल्या मुलींचा घोळका आला, मोठमोठ्यानं हसत, एकीच्या फजितीची नक्कल करत. सूत भरणारी मुलगी मध्ये होती, वही छातीशी धरून, आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.

"ताई, आम्हाला मोजलंत का?" ती ओरडली.

"मोजलं."

"हिला दोन धरा, हिचं वजन बघा!"

त्या गेल्या तरी हसू पुलापर्यंत ऐकू येत राहिलं. त्यानंतर एक म्हातारी पिशवी घेऊन गेली. दोन मायलेकी गेल्या. मोजपट्टीने पाच-पाचच्या रेघा ओढत नेल्या. चाळीस झाल्या.

तास संपत आला तेव्हा गिरणीच्या बाजूनं एक बाई येताना दिसली. पोस्टाची खाकी पिशवी खांद्याला, चाल जरा एका पायावर भार देणारी. ती वाटेच्या पलीकडच्या कडेनं चालत होती. बाकासमोर आली तेव्हा तिने मान वळवली नाही, पावलांचा वेगही बदलला नाही. अंतर चार मीटरच असेल. कानामागे गेलेले पांढरे केस, ओठांच्या कडेची रेघ, सगळं दिसत होतं. ती पुढे गेली, पुलाच्या पायऱ्यांशी कठड्याला हात लावला आणि चढून दिसेनाशी झाली.

मोजपट्टीने कागदावर रेघ ओढली. खाली बेरीज केली आणि अहवालाच्या रकान्यात लिहिलं: दिव्यांपूर्वी नऊ, दिव्यांनंतर एकेचाळीस.