सैल फरसबंदी

तहाची दवंडी पिटली गेली, आणि ऱ्हाईनकाठच्या त्या तटबंदीच्या गावात म्हातारा लोरेन्झ वेशीजवळच्या रस्त्यावर पुन्हा दगड बसवू लागला. तीस वर्षांत चार युद्धं झाली आणि चारही वेळा गावाला वेढा पडला. गोळे आदळून दगडाच्या कपच्या उडू नयेत म्हणून दर वेळी सगळी फरसबंदी उखडायची, आणि वेढा उठला की परत बसवायची. दोन्ही कामं लोरेन्झचीच. त्याच्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

नगराध्यक्ष डीबोल्ड पाहणीला आले. पायाखालचा दगड हलला तसे भडकले.

"अरे, ठोकलेच नाहीस की काय? सगळे डुगडुगतायत."

"नाही ठोकले, मालक. नुसते वाळूवर ठेवलेत."

"हा कायमचा तह आहे. दोन्ही राजांनी सह्या केल्यात."

"मागच्या तिन्हींवरही होत्या," लोरेन्झ मान वर न करता म्हणाला. "घट्ट बसलेला दगड उपटायला काय लागतं, ते माझ्या कमरेला विचारा."

तटाचं खिंडार बुजवणाऱ्या गवंड्यांकडे डीबोल्ड बराच वेळ बघत राहिले. मग जाताना हळूच म्हणाले, "माझ्या दारासमोरही असेच ठेव."