उगोचीच्या कॉइलमधली फट

आबा शहराच्या बाजारात ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे पुष्कळ, पण उगोचीचं काम म्हणजे काम. लोखंडाच्या पट्ट्या अशा ठोकून बसवायची की मध्ये नख शिरायचं नाही. हल्ली मात्र तिला वेगळंच खूळ लागलं होतं. बॅटरीवरचा इन्व्हर्टर करायचा, आणि तोही तारेतनं येते तशी गुळगुळीत वीज देणारा. बाजारातले स्वस्त डबे खडबडीत वीज देतात. त्यांच्यावर दिवा लागतो, पण नाजूक मशीन मरते.

आणि नाजूक मशीन तर समोरच्याच दुकानात होती. डा, म्हणजे मावशी, उलोमाची भरतकामाची, आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेली. पेट्रोल मिळेना, जनरेटर गप्प, आणि शनिवारी लग्नाची कापडं द्यायची. कार्ड जळलं तर म्हातारीचा धंदाच बसला.

"पोरी, लाव की एकदाचं," डा उलोमा म्हणाली.

"लावते डा. आधी रेडिओला विचारते."

गल्लीची ही जुनीच रीत. सेलवरच्या रेडिओचा काटा स्टेशन नसेल तिथं ठेवायचा आणि रेडिओ डब्याजवळ धरायचा. वीज मळकी असली की तो गुरगुरतो.

उगोचीनं इन्व्हर्टर चालू केला. रेडिओ नुसता हलकेच सूं सूं करत राहिला. वीज स्वच्छ होती.

"रिकाम्या डब्याचं कसलं कौतुक," शेजारचा जनरेटरवाला डेडे, म्हणजे दादा, नवोसू म्हणाला. "ओझं टाक त्याच्यावर."

तिनं इस्त्री लावली. रेडिओ कुत्र्यासारखा गुरगुरायला लागला.

"बघ, चावायला उठला," नवोसू खूश. "माझे जनरेटर बरे, निदान चावत तरी नाहीत."

"खोकण्यातनं सवड मिळाली तर चावतील ना डेडे."

गल्ली हसली, पण उगोचीचं लक्ष नव्हतं. वीज गाळणाऱ्या कॉइलला तिनं बोट लावलं आणि चटकन काढलं. तापली होती. रिकामं असताना शांत, ओझं आलं की गुरगुर. का बरं? बघता बघता तिनं कपाळावर हात मारून घेतला. हातांनी सवयीनं दगा दिला होता. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या उलटसुलट ठोकून घट्टच बसवायच्या असतात, तशाच तिनं ह्या कॉइललाही बसवल्या होत्या. पण हिच्यातनं सगळं ओझं वाहतं. एवढं घट्ट लोखंड तेवढ्यानंच चुंबकत्वानं तुडुंब भरतं, मग घाण अडवायला त्यात दम राहतोय कुठं?

तिनं भराभर पट्ट्या उपसल्या. ह्या आकाराच्या सगळ्या इकडं, त्या आकाराच्या सगळ्या तिकडं, आणि मध्ये फट राहावी म्हणून बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा.

"जन्मभर घट्ट ठोकलंस आणि आता मुद्दाम फट ठेवतेस?" नवोसू वाकून बघत म्हणाला.

"तुमच्या दातांवरनं सुचलं डेडे."

पुढच्या दातांतल्या फटीचा नवोसूला भारी अभिमान. तो ती फट दाखवत हसला, आणि रेडिओ स्वतःच उचलून डब्याजवळ धरला. उगोचीनं पुन्हा इस्त्री लावली. इस्त्री तापली, कपड्यावर फिरली, वाफ निघाली. रेडिओ आपला हलकेच सूं सूं करत राहिला.

"मेला की काय हा?" नवोसूनं रेडिओवर थाप मारली. मेला नव्हता.

उगोचीला नाचावंसं वाटत होतं. पण डा उलोमानं मशीनचा प्लग उचलला तशी ती आडवी आली.

"डा, कार्ड जळलं तर..."

"जळलं तर तुझ्या घरी येऊन बसेन आणि रोज तुझ्या हातचं खाईन. सर बाजूला."

प्लग आत गेला. मशीनचे दिवे लागले. सुई एकदा थबकली आणि मग जी सुटली ती कापडावर पिवळा मोर उमटवतच निघाली. ना झटका, ना अडखळणं. उगोचीनं मशीनवर तळवा टेकला.

डा उलोमानं मानसुद्धा वर केली नाही.

"उभी काय राहिलीस? पंखाही जोड तुझ्या डब्याला. घाम पडतोय कापडावर."